माडीवरची खाडी

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६, माघ वद्य अष्टमी. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या माडीवरच्या बाई खोल्या सोडून सांगलीला बहिणीकडे गेल्या. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. मग फाटक लावले, चहा घेतला आणि हे लिहावयास बसलो. त्या एकोणीस वर्षे आमच्या भाडेकरू होत्या. इतका काळ ज्या माणसाच्या पायांचा आवाज डोक्यावर ऐकला, त्याच्याविषयी चार शब्द नीट लिहून ठेवणे हे घरमालकाचे काम आहे, असे मी समजतो.

बाई समुद्रवैज्ञानिक. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होत्या. निवृत्तीनंतर पगार सुटला, काम सुटले नाही. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात जी झाडे वाढतात, शहरातले लोक ज्यांना कांदळवन म्हणतात आणि गावचे लोक तिवर, त्या झाडांचा त्या अभ्यास करीत. मूळच्या माणदेशातल्या. वयाची विशी उलटेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. जिथे पिण्याला पाणी नाही तिथून आलेल्या माणसाने जन्मभर न पिण्याच्या पाण्यात उभे राहावे, यात मला काही तर्क दिसत नाही. त्यांनाही दिसत नसे. एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही भूमापनात का गेलात?" मी म्हटले, "जागा निघाली होती." त्या म्हणाल्या, "तेच."

खोल्या बघायला आल्या तेव्हा त्यांनी नळाच्या वेळा विचारल्या नाहीत, की शेजारी कोण राहते तेही विचारले नाही. गच्चीवर गेल्या, टाच आपटून पाहिली आणि विचारले, "भार किती पेलेल?"

"काय ठेवायचे आहे?"

"खाडी," त्या म्हणाल्या.

ती पुढच्याच आठवड्यात टेम्पोतून आली. बारा टबांत चिखल, चिखलात तिवराची रोपे, आणि प्रत्येक टबात कमीअधिक खारे पाणी. बारावी खेप वर चढेपर्यंत आमची ही जिन्याखाली उभी होती. मग एवढेच म्हणाली, "लोक कुत्रे पाळतात."

बाईंचे घड्याळ भिंतीवर नव्हते. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास लहान असते, तिला भांग. पनवेलमध्ये राहून हे मला ठाऊक होते, पण त्यावर कोणी जेवणाची वेळ ठरविताना मी पाहिले नव्हते. हिने त्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावले तेव्हा त्या म्हणाल्या, "ओहोटीचे काम आटोपले की पाय धुवून येते." ही पंचांग घेऊन माझ्याकडे आली. त्या दिवशी आम्ही तीन वाजता जेवलो. बाईंनी आमटीचा पहिला घास घेतला आणि मान डोलावून म्हणाल्या, "वहिनी, आज उधाण आहे." मीठ जास्त झाले होते. दुसरी कोणी असती तर हिने तिला पुन्हा पाटावर बसविले नसते. या बाबतीत मात्र उलटे झाले. पुढे कित्येक वर्षे ही जिन्यातून वाटी वर धाडून खालून विचारीत असे, "काय हो, भांग की उधाण?" मला कोणी कधी विचारले नाही.

चवीचे हे प्रकरण आमटीपुरते नव्हते. बाई चिखल चाखत. चिमूटभर उचलून जिभेच्या टोकावर ठेवीत, क्षणभर थांबत, थुंकत, आणि आकडा सांगत. खारटपणा मोजण्याचे यंत्र त्यांच्या पिशवीत असे. पण ते नंतर. आधी जीभ, मग यंत्र. दोन्हींत फरक पडला तर त्या यंत्रावर संशय घेत. बहुधा यंत्रच चुकलेले असे. नेहमी नसे, हेही त्याच सांगत.

एकदा त्यांच्याबरोबर मी खाडीवर गेलो होतो. चिखलात खुबे, म्हणजे खायचे शिंपले, वेचणाऱ्या कोळणी कमरेत वाकलेल्या होत्या. त्यांतल्या एकीने हे चाखणे पाहिले.

"बाय, घरचं मीठ संपलं काय?"

"मोजते आहे," बाई म्हणाल्या.

"जिबेनं?"

"यंत्राला अजून जाग आलेली नाही."

"आमच्या म्हाताऱ्याला बी जिबेनंच मोजता येतं," ती दुसरीला म्हणाली, "पन तो दुसरं मोजतो." सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मी विषय बदलला.

गमबूट त्यांनी पहिल्याच वर्षी सोडले. चिखल गमबूट ठेवून घेतो; माणूस परत येतो, बूट येत नाही. त्या फुटबॉलचे लांब मोजे घालून गुडघाभर चिखलात चालत. संध्याकाळी ते मोजे धुवून आमच्या कठड्यावर वाळत. निळे, पिवळे, पट्ट्यांचे. गल्लीत नवा आलेला प्रत्येक जण मला विचारीत असे, घरात किती मुलगे आहेत. एकही नाही, असे मी उत्तर देत असे.

संस्थेत असताना त्यांना एकदा मालवणकडे प्रवाळावर काम करायला पाठविले होते. पाण्याखाली रंगीत बेटे असतात, मासे असतात, लोक त्यासाठी दुरून येतात. बाई एक हंगाम राहिल्या आणि परत आल्या. कसे होते, असे हिने विचारले. त्या म्हणाल्या, "पाणी फार स्वच्छ. सगळे दिसते. मग शोधायचे काय?" प्रवाळाविषयी त्यांच्या तोंडून मी यापलीकडे काही ऐकले नाही.

त्यांना भाषणाला बोलावणे धोक्याचे होते. पर्यावरण दिनाला एका पुढाऱ्याने खाडीच्या उघड्या चिखलात तिवराची रोपे लावण्याचा कार्यक्रम ठेवला. मांडव, बाजा, शाळेची मुले. पहिले रोप बाईंच्या हस्ते लावायचे होते. त्यांनी रोप हातात घेतले, चिखलाकडे पाहिले आणि ध्वनिक्षेपकावरून विचारले, "इथे आजवर तिवर का उगवले नाही, हे कोणी विचारले का?" कोणी विचारले नव्हते. "पाणी इथे फार वेळ उभे राहते. म्हणून इथे झाड नाही, खुबे आहेत. खुबे आहेत म्हणून या बायका आहेत. झाड लावले तर झाड मरेल, आणि मरेपर्यंत या बायकांना इथे येऊ देणार नाहीत." रोप त्यांनी परत टोपलीत ठेवले. पुढारी म्हणाला, "मॅडम, फोटोपुरतं तरी." बाई म्हणाल्या, "फोटोपुरते मी उभी राहते. झाड नको." तसा फोटो निघाला. त्यात पुढारी, बाई आणि रिकामा खड्डा आहे.

आता हिराजीविषयी सांगितले पाहिजे. त्यावाचून बाई पुऱ्या होत नाहीत.

उरणच्या रस्त्याला, खाडीच्या काठी, हिराजीचे गाव आहे. बाईंनी तिथल्या तिवरांचा एक पट्टा अभ्यासाला धरला होता. प्रत्येक झाडाच्या खोडावर छातीच्या उंचीला तांबड्या रंगात क्रमांक. वर्षातून एकदा प्रत्येक खोडाचा घेर मोजायचा, पडलेली पाने तोलायची, मुळांतली खेकड्यांची बिळे पाहायची. दुसऱ्या वर्षी त्या मोजायला गेल्या तर क्रमांक वाढलेले. त्यांनी शंभरावर थांबविले होते. पुढची झाडे त्याच तांबड्या रंगात, त्याच उंचीला, तशाच वळणाच्या आकड्यांत रंगविलेली होती. बांधावर एक मनुष्य ब्रश घेऊन बसला होता. तो हिराजी.

"हे तुम्ही केले?" बाईंनी विचारले.

"तुमचं लंबर शंभरावर थांबलं, म्हनून म्होरं आमी लावलं."

"कशासाठी?"

"जमीन जाते तवा झाडांचं पैसं येगलं मिलतं. लंबर नसला तर झाड धरीत नाय."

"पण जमीन कोणाची जाते आहे?"

हिराजीने त्यांच्याकडे दयेने पाहिले असावे. "बाय, लंबर लागला म्हंजे जातेच."

याला मी हसू शकत नाही. माझी सारी नोकरी याच तालुक्यात भूमापनात गेली. इथल्या माणसाच्या दारात रंगाचा डबा घेऊन कोणी आले, की त्यानंतर काय येते, हे त्याने दोन पिढ्या पाहिले आहे. बाईंना ते त्या दिवशी कळले. त्यांनी हिराजीला झाडे कशासाठी मोजतात ते समजावून सांगितले. त्याला पटले नाही, पण त्याने ब्रश बाजूला ठेवला. त्याचे क्रमांक बाईंनी पुसले नाहीत. "क्रमांक लागला की मोजायचेच," असे म्हणून त्या वर्षापासून त्याचीही झाडे मोजू लागल्या. दोन झाडांना त्याने एकच आकडा दिला होता. त्याबद्दल मात्र त्यांनी त्याला पुष्कळ ऐकविले.

तो पट्टा हिराजीच्या आज्याच्या शेतावर उभा आहे, असे हिराजीचे म्हणणे. खाडीला बांध घालून आत भात पिकवायचे, ही इकडची जुनी रीत. बांधाची डागडुजी सारा गाव मिळून करी. पुढे मुले नोकऱ्यांना लागली, बांधाला माणूस मिळेना, एका उधाणाने तो फुटला तो फुटलाच. भरती आत आली. भरतीबरोबर तिवराचे बी आले. हिराजी शाळेत होता तेव्हाची ही गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी हिराजीने बांध पुन्हा घालण्यासाठी अर्ज केला. मुलगा गोदामातली नोकरी सोडून शेती करतो म्हणत होता. तिवर तोडायचे नाही, फक्त बांध घालायचा, असे अर्जात होते. पण बांध घातला की भरती बंद, आणि भरती बंद झाली की तिवर उभ्या उभ्या वाळते. याला विरोध झाला. रोडपालीच्या एका पर्यावरण मंडळाचे म्हणणे, तिथे शेत कधी नव्हतेच, ती मूळचीच खाडी. कचेरीने तज्ज्ञाचे मत मागविले. त्या जागेचा तज्ज्ञ एकच होता, आणि तो आमच्या माडीवर राहत होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ती जमीन मोजली होती. कमरेएवढे भात उभे होते. ते सांगायला मी वर गेलो. बाईंनी हात वर केला. "अण्णा, कचेरीत साक्ष द्या, जरूर द्या. मला सांगू नका. ऐकले की मला तेच सापडेल."

मी खाली आलो. मला राग आला होता. दोन दिवसांनी तो गेला. त्या बरोबर होत्या.

त्यांनी प्लंबरकडची जाड पांढरी नळी चिखलात उभी ठोकून, वर ओढून, आतल्या चिखलासकट घरी आणली. अशा कितीतरी. त्यांतली एक त्यांनी रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर करवतीने उभी चिरली आणि दोन भाग हिच्या परातीत ठेवले. हिराजीला आणि मंडळाच्या चिटणिसांना त्यांनी एकाच वेळी बोलाविले होते. चिटणीस तरुण होते, शिकलेले होते आणि बाईंना फार मानत. निकाल आपल्या बाजूने लागलाच आहे, अशा चेहऱ्याने ते आले.

नळीत वरचा थर तपकिरी होता, तिवराच्या बारीक मुळांनी विणलेला. त्याखाली घट्ट, निळसर करडी माती. बाईंनी तिच्यातून चिमट्याने काही काढून पांढऱ्या बशीत ठेवले, भिंगाखाली पाहिले, आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काय आहे?" चिटणिसांनी विचारले.

"तूस. भाताचे."

हिराजी पुढे सरकला. बशीत वाकून म्हणाला, "राता हाय. आमचा तांबडा भात."

"रंगावरून सांगता येणार नाही. सगळेच काळे पडले आहे."

"तुमाला नाय सांगता येनार. आमाला येतं."

"बरे. ते तुमचे म्हणणे म्हणून वेगळे लिहिते."

मग त्यांनी नळीचा तळ उलगडला. तिथे काळा, कुजका वास येणारा तिसरा थर होता. त्यात जाड जुनी मुळे होती आणि शिंपा होत्या. ते पाहून चिटणिसांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"म्हणजे शेताच्या आधी इथे तिवरच होते."

"होते."

हिराजीने विचारले, "मंग आमच्या आज्याच्या आदी कोन होतं?"

"तिवर," बाई म्हणाल्या.

"आन् त्याच्या आदी?"

"समुद्र."

"मंग समुद्राच्या नावानं सातबारा काढा, आन् आमाला कूळ म्हनून लावा."

चिटणीस हसले नाहीत. ते बाईंना बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, मधला थर तसा पातळच आहे. खालचाच तेवढा ठळक लिहिला तर? तो आपल्या बाजूचा आहे."

"थराला बाजू दोनच," बाई म्हणाल्या. "वरची आणि खालची."

दोघे गेल्यावर मी विचारले, "शेत होते म्हणून लिहिलेत तर बांध होणार. मग तुमच्या झाडांचे काय?"

"झाडे माझी नाहीत, अण्णा. मोजमाप माझे."

त्यांनी परात घासून हिला परत दिली. त्या रात्री जेवायला खाली आल्या. आमटीला काही म्हणाल्या नाहीत.

अहवालात तिन्ही थर गेले, जाडीसकट. जागा शेत होती, आणि शेत होण्याआधी तिवराचे रान होती, असे त्यांनी लिहिले. मंडळाने त्यांची पुढची व्याख्याने रद्द केली. गावात म्हणू लागले की बाईने आज्याच्या शेताखाली मुद्दाम खाडी दाखविली. बाई विकल्या गेल्याचे मला एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंनी कळविण्यात आले. खरेदीदार मात्र वेगवेगळे होते. बाईंनी त्यावर कोणाशी वाद घातला नाही. त्या मोजायला जात राहिल्या. गावात त्यांना पाणी विचारीत नसत तेव्हाही गेल्या. मागच्या पावसाळ्यात दोन्ही गुडघे गेले आणि डॉक्टरांनी चिखल बंद केला. चिखल बंद झाल्यावर पनवेलला राहण्याचे त्यांना कारण उरले नाही. टब त्यांनी एका कॉलेजला दिले. आमची गच्ची नंतर धुतली तरी तिचा रंग गेलेला नाही.

गेल्या महिन्यात कचेरीचा आदेश आला. बांध जुन्या रेषेवर, किंवा तिच्या आतल्या अंगाला, घालण्यास परवानगी. झाड तोडावयाचे नाही. जुनी रेषा बाईंच्या पट्ट्याच्या पुढून, खाडीच्या अंगाने जाते. म्हणजे त्यांची सगळी झाडे बांधाच्या आत, कोरड्यात राहणार. हिराजीने रेषा आखून देण्यासाठी मला गळ घातली. जुनी मोजणी ठाऊक असलेला आता मीच उरलो आहे. कोणत्या दिवशी काम धरावे, ते बाईंनीच त्याला सांगितले. "अष्टमीला धरा. भांग असेल, पाणी अंगावर येणार नाही."

मी काल त्यांना म्हटले, "एक दिवस थांबून जा."

"कशाला? मोजायचे काही नाही."

इथवर लिहून मी उठलो. जेवून हिराजीच्या मोटारसायकलवरून खाडीवर गेलो. उरलेले परत आल्यावर लिहीत आहे.

जुन्या बांधाचे दगड अजून सापडतात. त्यांच्या खुणेने मी रेषा धरली आणि पहिल्या दोन खुंट्या ठोकल्या. तिसरीला हिराजी म्हणाला, "अण्णा, खुटी मागं घ्या."

"किती?"

"तिवरांच्या मागं."

"पट्टाभर जमीन बाहेर जाईल."

"जाऊ द्या. म्होरं तिवर नसली तर नवा बांध उधानात टिकत नाय. आज्या बी म्होरं राखायचा."

"मग अर्जात जुनी रेषा का मागितलीस?"

"मागायला जुनीच मागावी लागते. कमी मागितलं तर त्याच्यातलं बी कापतात."

"बाईंसाठी मागे घेतो आहेस?"

"बांधासाठी," तो म्हणाला. थोडा वेळ झाडांकडे पाहत राहिला. "बाय आता कवा येनार हाय मोजायला."

त्याचा मुलगा काही बोलायला निघाला होता. हिराजीने त्याला मागच्या खुंटीपाशी राहिलेला हातोडा आणायला पाठविले.

आदेशात आतल्या अंगाची मुभा होती. नियमाला बाधा नव्हती. माझ्या साऱ्या नोकरीत लोकांनी मला खुंटी पुढे घ्यायला सांगितले. कोणी हात जोडून, कोणी जेवायला घालून, एकाने कोयता दाखवून. मागे घ्या, असे म्हणणारा मला कोणी भेटला नव्हता. निवृत्तीला इतकी वर्षे झाल्यावर तो आज भेटला, आणि त्याचे कारण मी अधिक खोदून विचारले नाही.

ठोकलेल्या दोन खुंट्या उपटल्या. तिवरांच्या मागे नवी रेषा धरली, दोनदा मोजून पडताळली, आणि सगळ्या खुंट्या तिच्यावर ठोकल्या. डोक्यावरून विमान उतरत होते. भरती लागली तेव्हा पाणी झाडांच्या मुळांत शिरून खुंट्यांपर्यंत न पोहोचता थांबले.

बाईंना कळविलेले नाही. खुंट्या म्हणजे बांध नव्हे. बांध उभा राहून त्यावरून एक उधाण गेले की कळवीन.

घरी आल्यावर मोजणीची पोलादी फीत गोड्या पाण्याने धुतली, कोरडी पुसली, खोबरेल लावून गुंडाळली आणि कपाटात ठेवली.